दूरदर्शनवरील रहस्यमालिका : पुनर्शोध आणि अभ्यासाची दिशा

प्रस्तावना

मार्च २०२० च्या अखेरीस, टाळेबंदीच्या काळात, दूरदर्शनने 'रामायण', 'महाभारत' यांच्याबरोबर 'ब्योमकेश बक्षी' ही जुनी रहस्यमालिकाही पुन्हा दाखविली. प्रौढ प्रेक्षकांना स्मरणरंजनाचा आनंद लाभला, तर तरुण प्रेक्षकांना मोबाइल, सीसीटीव्ही आणि डीएनए चाचणी यांच्याविना चालणारा तपास प्रथमच पाहावयास मिळाला. या निमित्ताने जुन्या रहस्यमालिकांकडे केवळ करमणूक म्हणून न पाहता अभ्याससाधन म्हणून पाहता येईल काय, असा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मराठी मालिकांच्या संदर्भात केला आहे.

साहित्यिक पार्श्वभूमी

मराठी वाचकाला रहस्यकथेची ओळख दूरचित्रवाणीने करून दिली नाही. गो. ना. दातार यांच्या कादंबऱ्यांनी रहस्याची गोडी लावली होती. बाबूराव अर्नाळकर यांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि धनंजय, झुंजार, काळा पहाड ही नावे घरोघरी पोहोचविली. पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी हा वाचकवर्ग टिकवून धरला. समीक्षकांनी उपेक्षिलेले हे साहित्य वाचनालयांतून मात्र सातत्याने वाचले जात होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे मालिकांचे युग आले, तेव्हा रहस्याला सरावलेला प्रेक्षक अगोदरच तयार होता.

मालिकांचे तीन प्रकार

या मालिकांचे तपासाच्या पद्धतीवरून स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार विक्षिप्त खाजगी गुप्तहेराचा. पंकज पराशर दिग्दर्शित 'करमचंद' (१९८५) हे त्याचे ठळक उदाहरण होय. पंकज कपूर यांनी साकारलेला, सतत गाजर खाणारा करमचंद आणि त्याची साहाय्यक किटी यांच्या संवादांतून गांभीर्य व विनोद यांचा मेळ साधला गेला. मात्र आज ही मालिका पाहताना किटीला वारंवार गप्प बसविण्यातील विनोद खटकतो. ज्या लकबीवर एक पिढी खळखळून हसली, तीच आज स्त्रीच्या तत्कालीन चित्रणाचा पुरावा ठरते.

दुसरा प्रकार चिंतनशील सत्यशोधकाचा. बासू चटर्जी दिग्दर्शित 'ब्योमकेश बक्षी' (१९९३) मधील नायक स्वतःला गुप्तहेर म्हणवून न घेता 'सत्यान्वेषी' म्हणवितो. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी १९३२ पासून लिहिलेल्या बंगाली कथांवर ही मालिका आधारलेली आहे. शरदिंदूंनी चित्रपटलेखनासाठी मुंबईत आणि नंतर पुण्यात दीर्घकाळ वास्तव्य केले व ब्योमकेशच्या अनेक उत्तरकालीन कथा महाराष्ट्रातच लिहिल्या गेल्या, ही गोष्ट मराठी अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहे. चटर्जी यांचे निधन ४ जून २०२० रोजी, म्हणजे या पुनःप्रसारणाच्याच वर्षी झाले.

तिसरा प्रकार पोलीस तपासाचा. मराठीचे खरे योगदान येथे दिसते. १९८० च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर गाजलेली 'एक शून्य शून्य' ही मालिका बी. पी. सिंग यांची, तीत शिवाजी साटम यांची भूमिका होती. याच जोडीची 'सी.आय.डी.' ही हिंदी मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि २०१८ पर्यंत अखंड चालली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा अवतरली. देशभर ओळखल्या गेलेल्या या मालिकेची वाट मराठी मालिकेतून गेली होती, याची जाणीव आज फारशी उरलेली नाही. रमेश भाटकर यांची 'हॅलो इन्स्पेक्टर' ही मालिकाही याच परंपरेतील होय.

पुराव्याचे शिक्षण

रहस्यमालिकेचे शैक्षणिक मूल्य तिच्या तर्कपद्धतीत आहे. निरीक्षण, अनुमान, पर्यायी शक्यतांचा विचार आणि पडताळणी या पायऱ्या ब्योमकेशच्या तपासात स्पष्ट दिसतात. संशोधनपद्धती शिकविणाऱ्या प्राध्यापकाला एखादा भाग मध्येच थांबवून 'आतापर्यंत सिद्ध काय झाले आणि केवळ गृहीत काय धरले आहे?' असा प्रश्न वर्गाला विचारता येईल.

त्याचबरोबर या मालिकांच्या मर्यादाही दाखवून देणे आवश्यक आहे. रहस्यमालिकेचा भाग अनेकदा पोलिसांसमोरील गुन्हेगाराच्या कबुलीने संपतो. कायद्यात मात्र पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम २५ मधील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये कायम आहे. पडद्यावरील तपास जेथे संपतो, तेथे न्यायालयातील खरी कसोटी सुरू होते. हा फरक विद्यार्थ्याला कळणे नागरिकशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

हरवण्याचा धोका

पुनर्शोध घ्यावयाचा तर मूळ सामग्री शिल्लक असावी लागते. चुंबकीय फीत महाग असल्याने तीवरील जुना कार्यक्रम पुसून नवा मुद्रित करण्याची पद्धत जगातील अनेक प्रसारणसंस्थांत होती. बीबीसीच्या 'डिक्सन ऑफ डॉक ग्रीन' (१९५५–१९७६) या पोलीस मालिकेचे चारशेहून अधिक भाग झाले. त्यांपैकी फारच थोडे उरले आहेत. फीत जपली तरी ती कालांतराने खराब होते आणि ती चालविणारी यंत्रेही दुर्मीळ होतात. राष्ट्रीय पातळीवर गाजलेल्या हिंदी मालिकांना पुनःप्रसारणाचा लाभ मिळतो. प्रादेशिक मालिकांचे अस्तित्व मात्र बरेचसे प्रेक्षकांच्या स्मृतीवर अवलंबून राहते. ते प्रेक्षक आता वृद्ध झाले आहेत.

स्थानिक महाविद्यालयांची भूमिका

या संदर्भात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा विशेष उपयुक्त ठरावा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून १९४९ मध्ये उल्हासनगर आकारास आले. अंबरनाथच्या कारखान्यांनी राज्याच्या विविध भागांतून कामगार आणले. आनंदनगरसारख्या औद्योगिक परिसरात पाळीने काम करणारा कामगार मालिका केव्हा पाहत असे, कोणाच्या घरी पाहत असे, सिंधीभाषक कुटुंबे मराठी मालिका पाहत असत काय, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही फितीत सापडणार नाहीत. ती माणसांकडेच आहेत.

द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही हा प्रकल्प करता येईल. प्रथम मुलाखत देणाऱ्यास मोकळेपणाने आठवू द्यावे. मालिकेचे वा नटाचे नाव विद्यार्थ्याने आधी सुचवू नये, कारण सूचक प्रश्नाने साक्ष बिघडते. नंतर त्या आठवणीचा ताळा त्या काळच्या वृत्तपत्रांतील दूरदर्शनच्या दैनिक कार्यक्रमपत्रिकेशी घालावा. दोन मालिकांची सरमिसळ झालेली आढळल्यास ती चूक म्हणून खोडू नये, नोंदवून ठेवावी. स्मृती कशी घडते याचाच तो पुरावा असतो. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण लेखी संमतीने महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जतन करावे.

समारोप

'एक शून्य शून्य' हे शीर्षक पोलिसांना बोलाविण्याच्या क्रमांकावरून आले होते. आज आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा एकत्रित क्रमांक आहे. त्यामुळे नव्या विद्यार्थ्याला ते शीर्षकही समजावून सांगावे लागते. एका पिढीला सहज कळणारी गोष्ट दुसऱ्या पिढीसाठी टीप देण्याजोगी होते, तेव्हाच तिच्या नोंदीची वेळ आलेली असते. साक्षीदार हयात आहेत तोवर जबाब नोंदवावेत, हा तपासाचा साधा नियम आहे. सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासकालाही तो तितकाच लागू पडतो.