परत फिरायला मोकळा माणूस

भडगावहून चाळीसगाव, पुढे नांदगाव, मनमाड, चांदवड, मग मालेगाव-धुळ्याकडून पारोळ्यावरून परत भडगाव. या वळशावर माझे निम्मेअधिक नातेवाईक राहतात आणि बहुतेकांच्या घरापासून जवळच चढण्याजोगा कातळ आहे. चाळीसगावला मेव्हणे आहेत, तिथून पाटणादेवीमागचा कण्हेरगड. मनमाडला मावसभावाच्या गच्चीवरून हडबीची शेंडी दिसते. चांदवडला आक्काचं घर, आणि गावामागच्या रांगेत राजधेर-इंद्राई. धुळ्याला पुतणी आहे, तिच्या वाटेवर लळिंग.

माध्यमिक शाळेत भूगोल शिकवण्यात नोकरी गेली. त्या काळात ही दोन्ही कामं मी उरकत असे. नातेवाइकांकडे लग्नाला नाहीतर दहाव्याला तोंड दाखवायचं आणि 'शाळा आहे' म्हणून उठायचं. डोंगरावरही तेच. शनिवारी रात्री निघायचं, रविवारी चढायचं, संध्याकाळची पॅसेंजर गाठायची. कातळावर वर बघण्याइतकंच घड्याळाकडे बघणं व्हायचं. निवृत्त झाल्यावर घड्याळाचं काम संपलं, तेव्हा आमच्या वॅगन आरमध्ये बसून दोन्ही एकत्र करायचं ठरवलं. आम्ही म्हणजे मी आणि सौ. शिवाय आक्काचा मुलगा. तो नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात आहे आणि सुट्टीच्या दिवशी आम्हाला येऊन मिळतो. पुढे चढणारा, म्हणजे लीड करणारा, तोच. मी खालून दोर सांभाळणारा आणि त्याच्यामागून चढणारा.

डिकीत मध्ये एक जाड पुठ्ठा उभा केला आहे. एका बाजूला दोर, हार्नेस, कॅराबिनर, हेल्मेट. दुसऱ्या बाजूला सौ.चा संसार: बिबडे, काळा मसाला, कैरीचं लोणचं आणि कजगावहून घेतलेला केळीचा घड. दोर नायलॉनचा असतो. तेल-तिखटाने तो मळतो, वाळूचे कण धरतो. गाडीच्या बॅटरीतलं ॲसिड लागलं तर बाहेरून काहीही न दिसता आतून कुजतो. म्हणून तो पुठ्ठा. लोणच्याची बरणी कितीही घट्ट बंद असली तरी ती पलीकडेच.

दोर तपासायचं काम मी मुक्कामाच्या घरी, रात्रीच्या जेवणानंतर करतो. चाळीसगावच्या ओसरीवर चादर अंथरली, पन्नास मीटरचा दोर सैल सोडला आणि एक टोक धरून तळहातातून सरकवायला लागलो. आजकालचा दोर दोन भागांचा असतो. आत धाग्यांचा गाभा, त्यावर विणलेलं आवरण. भार पेलतो तो मुख्यतः गाभा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवावा लागतो. कुठे मऊ पडला आहे का, कुठे गाठीसारखं फुगलं आहे का, वाकवल्यावर नेहमीसारखी गोल कमान होते की मध्येच मोडतो. शंका आली तर थोडं मागे जाऊन तेवढाच भाग पुन्हा हातातून काढायचा. पोरंटोरं भोवती बसतात, मेव्हणे सुपारी कातरत गप्पा मारतात. दोराची तपासणी आणि घरातल्या माणसांची विचारपूस दोन्ही एकाच बैठकीत होतात. घाईच्या दिवसांत दोराची तपासणी पायथ्याशी, चहा पिता पिता होत असे. विचारपूस तर बहुतेक राहूनच जायची.

कण्हेरगडाला दोर लागत नाही, पण आम्ही सुरुवात तिथूनच करतो. पायथ्याला पाटणादेवीचं यादवकालीन मंदिर आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, ही हकीकत ज्या शिलालेखात आहे तो इथलाच, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. गडाच्या अंगाला नागार्जुन कोठडी आणि सीतेची न्हाणी ही लेणी आहेत. इथे मी गुडघे मोकळे करतो आणि दगडाशी पुन्हा ओळख करून घेतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेला हा लाव्हा. घट्ट थराचा कडा होतो, सच्छिद्र थराची झीज होऊन आडवी पट्टी बनते, आणि मधूनमधून लालसर मातकट थर लागतो. मुलांना फळ्यावर काढून दाखवलेली ही आकृती हाताला फार निराळी लागते. काळ्या कड्यावर बोटं ठरतात. लालसर थरावर पाऊल टाकलं की भुगा होतो. खाच पकडण्याआधी मुठीने ठोकायची. खणखणीत आवाज आला तर भरवसा, पोकळ आला तर हात काढून घ्यायचा.

मनमाडच्या आसपास रेल्वेतून गेलेल्या कुणालाही हडबीची शेंडी सांगावी लागत नाही. अनकाई-टनकाईच्या जोडकिल्ल्याजवळ वर केलेल्या अंगठ्यासारखा हा सुळका उभा आहे. मुंबई-पुण्याची मंडळी त्याला थम्सअप म्हणतात. आधी घसाऱ्याची चढण, मग कातळटप्पे आणि शेवटी तो अंगठा. फेब्रुवारी २०२२मध्ये इथून उतरताना अहमदनगरकडच्या दोन गिर्यारोहकांचा जीव गेला. त्यामुळे इथे येताना कुणी हसतखेळत येत नाही, येऊही नये.

आम्ही उजाडायच्या आत निघालो. खानदेशातला माणूस उन्हाशी पैज लावत नाही. डिसेंबरातही दहानंतर काळा दगड तापतो. पायथ्याला भाच्याने आधी कड्याकडे निरखून पाहिलं. आग्या मोहोळ लटकत असेल तर तो दिवस तिथेच संपतो. अत्तर, धूर, आरडाओरडा, काहीही त्या माश्यांना पुरतं. त्या दिवशी कडा मोकळा होता.

सुळक्याखाली आम्ही एकमेकांचे हार्नेस तपासले. पट्ट्याचं टोक बकलातून परत फिरवलेलं आहे का, 'फिगर ऑफ एट'ची गाठ नीट बसली आहे का, गाठीबाहेर वीतभर दोर उरला आहे का, कॅराबिनरचा स्क्रू आवळला आहे का. आपलं आपण तपासून चालत नाही, समोरच्याने हात लावून बघायचं. मग तो चढू लागला आणि माझं काम सुरू झालं.

खालून दोर सांभाळणं म्हणजे बिले. लांबून बघणाऱ्याला वाटतं की हा माणूस नुसता उभा आहे. उजव्या हातातला दोर कधीच सुटायचा नाही, खाली वाटेल ते पडलं तरी. तो वर सरकला की दोर द्यायचा. जास्त दिला तर पडल्यावर तो लांब पडेल, कमी दिला तर पुढचं पाऊल टाकताना मागे ओढला जाईल. त्याच्या टाचा बघून मला कळतं. टाच थरथरायला लागली की पिंढरी थकली आहे, आता तो थांबेल. उजवा हात चॉकच्या पिशवीकडे गेला की पुढची हालचाल अवघड आहे. अंगात पूर्वीचं बळ नाही. पण वर्गात शेवटच्या बाकावरचं पोर काय करतंय हे फळ्याकडे तोंड असताना ओळखण्यात माझी हयात गेली आहे. ते इथे उपयोगी पडतं.

मधल्या टप्प्यावर कातळात ठोकलेले जुने बोल्ट होते. त्याने हातोडीने ठोकून पाहिलं. पहिल्याचा टणकन आवाज खालपर्यंत आला. दुसऱ्याचा भद्द. बोल्टला लावलेली पत्र्याची पट्टी हाताने फिरत होती आणि खालच्या दगडावर गंजाचा ओघळ होता.

"मामा, एक ढिला आहे. पण वरचा टप्पा सोपा दिसतोय. करून टाकू का?"

"कशाला?"

"सोमवारी फर्स्ट शिफ्ट आहे. पुन्हा कधी जमेल सांगता येत नाही."

हे वाक्य मी माझ्या तरुणपणी, माझ्याच तोंडून ऐकलेलं होतं. मी म्हटलं, "खाली ये." चांगला बोल्ट आणि कातळाच्या एका भक्कम सुळ्याला टाकलेली स्लिंग, म्हणजे पट्टीचा फास, असा दोन्हींवर भार वाटून तो उतरला. दुपारी आम्ही मावसभावाच्या घरी शेवभाजी-भाकरी खात होतो आणि भाचा तोंड पाडून बसला होता.

पुढच्या रविवारपर्यंत आम्ही चांदवडला आक्काकडे राहिलो. आक्काचं सासर चांदवडचं असलं तरी तिची अहिराणी भडगावचीच आहे. उंबऱ्यातच तिने सुरू केलं, "तू ते रिटायर व्हयना, मन्हा पोऱ्याले कसाले टांगस?" सौ.ने तिची समजूत घातली, म्हणजे दोघींनी मिळून माझा उद्धार केला. तिच्या मोतीबिंदूची तपासणी बरेच दिवस लांबली होती. ती आम्ही करून आणली. भावकीतल्या जमिनीचे सातबारे एका पिशवीत कोंबलेले होते, ते वर्षवार लावले. मधल्या एका सकाळी राजधेर पाहिला. कातळात कोरलेल्या पायऱ्या, मध्ये एका टप्प्याला शिडी. १८१८ साली इंग्रजांनी या भागातले किल्ले घेतले आणि पुन्हा कुणी आसऱ्याला येऊ नये म्हणून अनेकांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. सह्याद्रीत आज ज्या ठिकाणी दोर काढावा लागतो, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पूर्वी बायाबापड्या डोक्यावर घागर घेऊन चढत असणार.

रविवारी पुन्हा हडबीची शेंडी. भाच्याबरोबर नाशिकचे त्याचे दोन मित्र आले, बॅटरीवरचं ड्रिल आणि स्टीलचे नवे बोल्ट घेऊन. पूर्वी पंच आणि हातोडीने एक भोक पाडायला अर्धा-अर्धा तास जायचा, हात बधिर व्हायचे. ड्रिलने ते काही मिनिटांत होतं, पण पुढचं काम तितक्याच निगुतीचं राहतं. भोकातली भुकटी नळीने फुंकून पूर्ण काढायची, नाहीतर बोल्ट आत धरत नाही. बोल्ट ठोकला की नट आवळायचा. आतली नळी फुगून दगडाला घट्ट बसते. मग पुन्हा हातोडी, पुन्हा कान. या वेळी दोन्हींचा आवाज सारखा आला.

त्यांच्यामागून मीही वर गेलो. हाताने ओढून चढण्याचं वय गेलं, म्हणून पायांवर चढतो. लहान पावलं, टाच खाली, हात खांद्याच्या वर फार वेळ न ठेवता. माथ्यावर जेमतेम बसायला जागा होती, वारा जोरात होता. मनमाड, अनकाई, रेल्वेचे रूळ बघून झाले आणि उतरायला लागलो, कारण उतरताना लक्ष जास्त लागतं.

धुळ्याकडे, विशेषतः साक्रीच्या रस्त्याला लागलं की माळावर दगडी भिंतींसारख्या अरुंद लांबच लांब टेकड्या दिसतात. जमिनीला पडलेल्या भेगांत शिलारस शिरून थिजला, आजूबाजूचा मऊ दगड झिजला आणि कठीण गाभा उभा राहिला. भूगोलात यांना डाइक म्हणतात, आणि धुळे-नंदुरबारचा पट्टा त्यांच्यासाठी भूशास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहे. इथला दगड आडव्या ठोकळ्यांत फुटतो, रचून ठेवल्यासारखा. तो बाहेर ओढला तर हातात येतो. खाली दाबला तर धरतो. पुतणीच्या मुलांना दोर वरून बांधून पुरुषभर उंचीवर एवढंच शिकवलं: ओढायचं नाही, दाबायचं.

भाच्याच्या मित्रांनी आता मला त्यांच्या मोहिमांना बोलवायला सुरुवात केली आहे. सामान उचलणारे त्यांच्याकडे पुष्कळ आहेत, लीड करणारेही आहेत. ज्याला पोचायची गरजच नाही असा माणूस त्यांच्यात नव्हता. प्रत्येकाला कुठला ना कुठला सोमवार असतो, आणि त्या सोमवारापायी शंकेचा बोल्टही चालून जातो. माझं 'खाली ये' त्यांना पटतं, कारण ते म्हणताना माझं काही बुडत नाही हे त्यांना माहीत असतं. हे बळ साठीआधी माझ्यातही नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात बागलाणात, साल्हेर-मुल्हेरच्या बाजूला जायचा विचार आहे. सौ.ने सटाण्याच्या धाकट्या बहिणीला फोन करून ठेवला आहे. किती दिवसांसाठी येतोय, हे हिने सांगितलेलं नाही आणि तिनेही विचारलेलं नाही.