मैदान लागतंच

खेड्यातल्या एखाद्या मुलानं किंवा मुलीनं पदक आणलं की गावाच्या वेशीवर फलक लागतात, मिरवणूक निघते आणि सत्काराच्या भाषणात एक वाक्य हमखास येतं: ‘ना मैदान, ना सोयी, तरी पोरानं करून दाखवलं. जिद्द असली की काही लागत नाही!’ टाळ्या पडतात. यातला पहिला भाग पुष्कळदा खरा असतो. दुसरा साफ चुकीचा आहे आणि घातकही, कारण मैदानाची मागणी टोलवायला पुढाऱ्यांना तोच कामी येतो.

दाखला बहुधा अविनाश साबळेचा दिला जातो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा, शेतकरी घर, शाळेसाठी सहा किलोमीटरची पायपीट. सगळं खरं. पण पुढचं सांगायला कुणी थांबत नाही. साबळे धावपटू झाला तो लष्करात. महार रेजिमेंटमध्ये भरती होऊन सियाचीन आणि राजस्थानात नोकरी केल्यानंतर तो २०१५ च्या सुमारास क्रॉसकंट्रीकडे आणि पुढे स्टीपलचेसकडे वळला. ३,००० मीटरच्या या शर्यतीत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. शेताच्या बांधावरून उड्या मारून हे तंत्र अंगी येत नाही. ट्रॅक, प्रशिक्षक, पोटभर योग्य आहार हे सारं लष्करानं दिलं, म्हणून २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवलं.

बाकीची नावं घ्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेऊन आला. तो शाळकरी वयातच राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. फलटणजवळच्या सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या घरातला प्रवीण जाधव शाळेतल्या शिक्षकाच्या नजरेत भरला, प्रबोधिनीत पोचला, तिथं त्याच्या हाती धनुष्य आलं आणि त्यानं टोकियो ऑलिंपिक गाठलं. सावरपाड्याची धावपटू कविता राऊत हिचा सराव नाशिकच्या मैदानावर झाला. यांच्यापैकी एकही जण सोयींवाचून घडला नाही. सोय जिथं होती तिथं त्यांना गाव सोडून जावं लागलं, एवढंच. ज्यांना जाता आलं नाही, ज्यांच्या वस्तीपर्यंत निवड चाचणीची बातमीच पोचली नाही, त्यांचे फलक लागत नाहीत. म्हणून ते कुणाच्या हिशेबात नसतात.

खाशाबा जाधवांनाही सोयींअभावी भोगावं लागलं. गोळेश्वरच्या या पैलवानाची सारी तयारी तांबड्या मातीतली. १९४८ ला लंडनमध्ये मॅटवर उतरावं लागलं आणि ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळालं, पण ती चार वर्षं परत कुणी दिली नाहीत. हॉकीत तर अख्ख्या देशाला हा फटका बसला. १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम टर्फ आलं आणि १९२८ पासून दर वेळी पदक घेऊन येणारा भारत सातव्या क्रमांकावर घसरला. ओडिशातल्या सुंदरगडच्या आदिवासी पाड्यांत मुलं बांबूच्या काठ्यांनी हॉकी खेळत. तिथल्या सौनामारा गावचा दिलीप तिर्की तीन ऑलिंपिक खेळला, तो राउरकेलाजवळच्या पानपोष क्रीडा वसतिगृहातून घडून. ओडिशा सरकारनं पुढे जिल्ह्याच्या सतराही ब्लॉकमध्ये टर्फ घालण्याचं काम हाती घेतलं. तिथल्या सरकारला जे उमगलं, ते आपल्या सत्कार समित्यांना का उमगू नये?

आता उरलेले गैरसमज. ‘खेड्यात मोकळं रान पडलंय की!’ ते रान कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतं, गायरानावर अतिक्रमण असतं आणि ढेकळांत धावलं की पाय मुरगळतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवं असं स्पष्ट लिहिलं आहे, ते उगाच नव्हे. ‘शेतात राबणाऱ्या पोरांना वेगळा व्यायाम कशाला?’ राबणं म्हणजे खेळणं नव्हे. भारतानं १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्क संहितेचं ३१ वं कलम खेळ हा मुलांचा हक्क मानतं. ‘मुली मैदानावर येत नाहीत.’ माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळली आणि २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. मुलींना उजेड, स्वच्छतागृह आणि सोयीची वेळ द्या, मग बोला. ‘तालुक्याला क्रीडा संकुल आहे ना?’ संध्याकाळच्या सरावानंतर परतीची एसटी नसेल तर वीस किलोमीटरवरच्या मुलाला त्या संकुलाचा काय उपयोग?

राहिला पैशाचा प्रश्न, ‘आधी पाणी, रस्ते; मैदान ही चैन’. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, खो-खोचं २७ बाय १६ मीटरचं. दोन्ही मिळून पाव एकरात मावतात. सपाट जमीन, मुरूम, रोलर, पाण्याचा निचरा आणि दर पावसाळ्यानंतरची डागडुजी यांवर त्यांचं भागतं. मनरेगाच्या पहिल्या अनुसूचीतही खेळाच्या मैदानाचं काम नमूद होतं, म्हणजे मजुरी गावातच राहू शकते. पुढच्या ग्रामसभेत विकास आराखड्याचा विषय निघेल तेव्हा मैदानासाठी जागेचा गट नंबर आणि देखभालीची तरतूद, दोन्ही ठरावात लिहून घ्या.