फुलवाल्याचा नाताळ

वाण्याच्या दुकानांत दिवाळींत न खपलेली साखर संक्रांतीलाहि साखरच राहते, आणि कापडवाल्याचें उरलेलें लुगडें पुढच्या लग्नसराईंत जातें. फुलवाल्याचें तसें नाहीं. २५ डिसेंबरसाठीं आणलेला गुलाब दोन दिवस आधीं उमलून गेला तर तो फुकट, आणि दोन दिवस उशिरा उमलला तरीहि फुकटच. म्हणून नाताळची तयारी म्हणजे दुकानावर कागदी चांदण्या टांगणें नव्हे. ती मुख्यतः दिवसांची मोजणी असते, आणि तिला सुरुवात पावसाळ्यांतच होते.

शेवंतीचें उदाहरण घ्यावें. नाताळच्या सजावटींत पांढऱ्या फुलांना मोठा मान असतो व पांढरी शेवंती त्यांत पुष्कळ लागते. शेवंती थंडीमुळें फुलते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती रात्रीची लांबी मोजते. गार्नर व ॲलार्ड या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं तंबाखूच्या एका वाणाचीं झाडें उन्हाळ्यांत रोज कांहीं तास अंधारांत ठेवून तीं अवेळीं फुलावर आणलीं, आणि हा शोध १९२० सालीं प्रसिद्ध केला. शेवंतीहि त्याच जातीच्या वनस्पतींपैकीं आहे. रात्र पुरेशी लांबली म्हणजे ती नवीं पानें काढण्याचें सोडून कळ्या धरूं लागते, व तेथून वाणाप्रमाणें सुमारें ८ ते ११ आठवड्यांनीं फूल तयार होतें.

याचा व्यापारी अर्थ सरळ आहे. २० डिसेंबरच्या सुमारास फूल हवें असेल तर दहा आठवडे मागें मोजीत गेल्यावर ऑक्टोबरचा दुसरा आठवडा येतो. तोंपर्यंत झाड वाढतें ठेवण्यासाठीं कुशल बागाईतदार शेतांत मध्यरात्रीं कांहीं वेळ दिवे लावतात. मध्येंच तुटलेली रात्र झाडाला आखूडच वाटते. दसऱ्याच्या आगेमागें दिवे बंद झाले, कीं झाडाचा नाताळ सुरू झाला. दुकानदाराला ठराविक तारखेचा माल हवा असेल तर त्यानें बागाईतदाराशीं बोली करावयाची ती दिवे मालवण्यापूर्वीं. डिसेंबरांत केलेली चौकशी भावाची असते, मालाची नसते.

पॉइन्सेटियाच्या कुंड्यांचेंहि असेंच आहे. हें झाड मूळचें मेक्सिकोचें. तेथें अमेरिकेचा वकील असलेल्या जोएल पॉइन्सेट यानें १८२० नंतरच्या दशकांत तें आपल्या देशीं नेलें, म्हणून त्याचें नांव यास पडलें. याचा जो तांबडा भाग डोळ्यांत भरतो तीं फुलें नव्हत, पानें होत. खरीं फुलें मधोमध बारीक व पिवळसर असतात. रात्र लांब व अखंड काळोखी असली तरच तीं पानें लाल होतात. महाडच्या अक्षांशावर डिसेंबरची रात्र सुमारें तेरा तासांची असते, तेव्हां निसर्ग आपलें काम चोख करतो. घात करतो तो ओटीवरचा दिवा. गतवर्षीं लाल असलेलें झाड यंदां हिरवेंच राहिलें अशी तक्रार शहरांतील घरांतून नेहमी ऐकूं येते, आणि अशा वेळीं कुंडीजवळ रस्त्याचा कंदील आहे कीं काय तें प्रथम पाहावें. ऑक्टोबरच्या आरंभापासून दोन-अडीच महिने कुंडी रोज सायंकाळीं अंधाऱ्या कोपऱ्यांत सरकवली व सकाळीं पुन्हां उजेडांत आणली तर बहुधा हा रुसवा जातो.

आतां गिऱ्हाइकाकडे वळूं. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, आणि सणाची मोठी वस्ती वसई, वांद्रें, माहीम या बाजूस. तेथील फुलवाल्यास एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. नाताळपूर्वींचे चार रविवार हा कॅथलिक मंडळींचा आगमनकाळ. त्यांत वेदीवरची फुलांची सजावट बेताचीच ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणून मागणी महिनाभर हळूहळू वाढत नाहीं. ती २३ व २४ तारखांना धरण फुटल्यासारखी येते व मध्यरात्रीच्या मिस्सापूर्वीं सरते. हिरव्या डहाळ्यांचीं कडीं मात्र आधीं करून ठेवतां येतात. आपल्याकडे सूचिपर्णी झाडांची उणीव सुरूच्या फांद्या भरून काढतात, आणि थंड जागीं पाणी शिंपडून ठेवल्यास त्या बरेच दिवस टिकतात. शहाणा दुकानदार हातांचें काम डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत उरकून शेवटचे दोन दिवस केवळ फुलांसाठीं मोकळे ठेवतो.

महाड-पोलादपूरकडे अशी मोठी ख्रिस्ती वस्ती नाहीं. परंतु पोलादपूरहून आंबेनळी घाटानें वर गेलें म्हणजे महाबळेश्वर, आणि तेथें नाताळांत प्रवाशांची गर्दी उसळते. शिवाय जरबेरा, कार्नेशन, डच गुलाब हीं फुलें कोकणच्या दमट हवेंत उघड्यावर नीट होत नाहींत; तीं तळेगांवच्या बाजूच्या हरितगृहांतून व पुण्याच्या मार्केट यार्डांतून यावयाचीं. देशावरचा माल कोकणांत उतरतो तो कोणत्या ना कोणत्या घाटानें. भोरकडून येणारा वरंध घाट त्यांतलाच एक. घाटमाथ्यावर पहाटेची हवा गार, आणि खालीं वरंध गांवाशीं उतरेपर्यंत ऊन तापलेलें. गार फुलांची बंद पेटी अशा उबदार हवेंत आली, कीं पाकळ्यांवर दंव धरतें, आणि त्या ओलीवर एका दिवसांत करडी बुरशी चढते. म्हणून पेटी आल्याबरोबर सावलींत उघडावी, फुलें मोकळीं करावीं, आणि पाकळ्या सुकल्यावरच पुढचें काम करावें. घाईनें पाणी शिंपडणारा नोकर या वेळीं शत्रूसारखा असतो.

मग देंठ. धारदार सुरीनें बोटभर तिरके कापून लगेच स्वच्छ बादलींत उभे करावे. पाण्यांत बुडणारीं पानें काढून टाकावीं, कारण तीं कुजून देंठाच्या नळ्या बंद करतात. जरबेऱ्याला पाणी चार बोटेंच पुरे. गुलाबाला २ ते ४ अंशांचें शीतकपाट मानवतें, पण अँथुरियम तेथें काळवंडतें. त्याला १२ अंशांच्या खालीं नेऊं नये. आणि फळांचा गाडा शेजारीं असेल तर कार्नेशन दूर ठेवावें. पिकत्या केळ्यांतून इथिलीन नांवाचा वायु निघतो व त्यानें कार्नेशनच्या पाकळ्या झोपल्यासारख्या मिटतात. दुकानदार मात्र बागाईतदारास दोष देत बसतो.

सर्वांत अवघड हिशेब दोन पंचांगांचा. महाराष्ट्रांत मार्गशीर्षाच्या गुरुवारीं घरोघर महालक्ष्मीचें व्रत असतें, आणि त्या दिवशीं शेवंतीचा भाव चढतो. २०२४ सालीं नाताळ बुधवारीं आला व दुसऱ्याच दिवशीं, २६ तारखेला, मार्गशीर्षांतला शेवटचा गुरुवार होता; उरलेल्या फुलांना गिऱ्हाईक आपोआप मिळालें. २०२५ सालीं नाताळ खुद्द गुरुवारींच पडला, परंतु मार्गशीर्ष तोंपर्यंत संपला होता. केवळ वार पाहून जादा माल भरणाऱ्यास त्या गुरुवारीं व्रताचें गिऱ्हाईक लाभणें शक्य नव्हतें. २०२६ सालीं अधिक ज्येष्ठामुळें मार्गशीर्ष पुढें सरकतो, आणि २४ डिसेंबरला व्रताचा गुरुवार येतो. म्हणजे ज्या दिवशीं वसईची वेदी सजते, त्याच दिवशीं दादरच्या फूलबाजारांत घटासाठींहि शेवंती लागणार. त्या दिवशीं पांढरी शेवंती वेदीसाठीं आधीं बोलून ठेवावी व पिवळी घटासाठीं राखावी. गुलाब आदल्या दिवशीं घट्ट कळींतच घ्यावा. शीतकपाट नसलेल्या छोट्या दुकानदारानें त्याच्या गड्ड्या नक्की झालेल्या मागणीपुरत्याच उचलाव्या, एकहि जास्त नको.