गोंदणातला क्रूस

इगतपुरी तालुक्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर समाजातल्या म्हाताऱ्या बायांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर हिरवट गोंदण दिसतं. चार ठिपके आणि मधोमध पाचवा ही गोंदणातली एक साधी मांडणी. जेरुसलेमच्या यात्रेकरूंच्या हातावर जवळपास अशाच मांडणीत मधे मोठा क्रूस आणि भोवती चार लहान क्रूस गोंदलेले असतात. ख्रिस्ताच्या पाच जखमा असा त्यांचा अर्थ लावला जातो. आकार जुळतो म्हणून इगतपुरीच्या ठिपक्यांत क्रूस शोधू नये. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं मेल्यावर सोबत येतं, ही इथल्या गोंदणामागची समजूत. थळ घाटातून १८६५ साली रेल्वे आली आणि तिच्या वसाहतीबरोबर इथे चर्च आलं, गोंदण त्याआधीचं.

खुद्द ख्रिस्ती धर्मातही गोंदणाबद्दल एकमत नाही. जुन्या करारातल्या ‘लेवीय’च्या १९व्या अध्यायात मृतांसाठी अंग चिरायला आणि अंगावर खुणा गोंदायला मनाई आहे. कडव्या मताची मंडळी याच वचनावर बोट ठेवतात. इतरांच्या मते ती आज्ञा त्या काळच्या शोकविधींपुरती होती. शिवाय गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल आपल्या शरीरावर येशूच्या खुणा असल्याचं सांगतो, हेही ते दाखवून देतात. हा दुसरा आधार मात्र कच्चा आहे. पौलाच्या मनात बहुधा छळात बसलेल्या माराचे वण असावेत. इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रियाच्या धर्मसभेने ७८७ साली मूर्तिपूजकांच्या रीतीचं गोंदण निषिद्ध ठरवलं, पण देवासाठी कुणी ते सोसलं तर त्याचं फळ मिळेल असंही म्हटलं.

इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लहानसा क्रूस गोंदतात. अल्पसंख्य समाजाची ती उघड ओळख आहे, आणि हिंसाचाराच्या काळात ती बाळगायला धैर्य लागतं. कॉप्टिक वंशाचं रझूक घराणं जेरुसलेमच्या जुन्या शहरात हेच काम करतं. लाकडी ठशाने आधी त्वचेवर नक्षी उमटवायची आणि मग तिच्यावरून सुई फिरवायची, ही त्यांची जुनी पद्धत.

सर्वांत मोठा वाद उलट्या क्रूसाचा. परंपरेनुसार, ख्रिस्तासारखं मरण्याची आपली योग्यता नाही असं म्हणून त्याचा शिष्य पेत्र याने स्वतःला क्रूसावर उलटं टांगवून घेतलं. म्हणून उलटा क्रूस ही त्याची खूण. भयपटांनी आणि मेटल बँडांनी तीच सैतानाची करून टाकली. पोप दुसरे जॉन पॉल २००० साली इस्राएलमध्ये अशी खूण असलेल्या आसनावर बसले, तर ते छायाचित्र पोप ख्रिस्तविरोधी असल्याचा पुरावा म्हणून फिरवलं गेलं. पेत्राचे वारस मानले जाणारे पोप ज्या खुणेसमोर बसले तिच्यावर असा आळ यावा, हे वाईट आहे.

पुन्हा आपल्याकडे यायचं तर, नाशिकला शरणपूरची ख्रिस्ती वस्ती १८५०च्या दशकात वसली. अशा ठिकाणी बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रौढ बाईच्या हातावर लहानपणची तुळस गोंदलेली असली, तर ती पुसण्याची सोय नव्हती. आता टॅटूच्या दुकानात ख्रिस्ती नसलेली मुलंही हौसेने क्रूस काढून घेतात. ते बहुतेकांना चालतं. घोट्याभोवती रोझरीची माळ गोंदण्याची पाश्चात्त्य फॅशन मात्र मराठी ख्रिस्ती घरात खुपणारच, कारण देवाची वस्तू पायाशी नेणं आपल्याकडे कुठल्याच धर्माच्या घरात खपत नाही.