सय्यद, सिद्दी आणि घोरपड

विद्यार्थिदशेत नागपुरास मामांच्या घरी राहत असता ‘एल सिद’ नावाचा एक इंग्रजी बोलपट पाहिला होता, आणि मेलेल्या सेनापतीचे प्रेत घोड्यावर बांधून वेशीबाहेर काढताच शत्रूची फौज उधळते, हा त्यातला शेवटचा प्रसंग कित्येक रात्री माझ्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. पुढे पांढरकवड्यास मास्तरकी पत्करल्यावर मूळ स्पॅनिश काव्याचे इंग्रजी भाषांतर हाती आले, तेव्हा पहिला शोध घेतला तो त्या प्रेताचा. काव्यात ते नाहीच, ती मागाहून रचलेली दंतकथा आहे, असे कळल्यावर फसगतीच्या दुःखापेक्षा कुतूहलच अधिक वाटले. आणि ते आजतागायत शमलेले नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो. रोद्रिगो दियास हा बुर्गोसजवळच्या बिबार गावचा सरदार. कास्तीलचा राजा सहावा आल्फोन्सो याची इतराजी होऊन १०८१ मध्ये तो हद्दपार झाला, काही वर्षे सारागोसाच्या मुसलमान अमिराच्या चाकरीत राहिला, १०९४ मध्ये त्याने वालेन्सिया काबीज केले आणि १०९९ मध्ये तो वारला. ‘सिद’ हे नाव अरबी ‘सय्यिदी’ म्हणजे ‘माझे धनी’ यावरून पडले. काव्य साडेतीन हजारांहून अधिक ओळींचे. त्याचे एकच हस्तलिखित माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, तेही पहिले पान हरवलेले आणि पुसट शाई उमटावी म्हणून पंडितांनी फासलेल्या रसायनांनी जागोजाग काळवंडलेले.

अमिराची चाकरी कवीने सफाईने गाळली. त्याऐवजी जे घातले ते पाहण्याजोगे आहे. सिदच्या दोन मुलींची लग्ने कारियोनच्या दोघा कुलीन भावांशी लागतात, आणि हे जावई त्या मुलींना कोर्पेसच्या रानात खोगिराच्या पट्ट्यांनी फोडून टाकून देतात. इतिहासात असे काही घडलेले नाही. मुलींची नावेसुद्धा निराळी होती. पण काव्याचा उत्तरार्ध या लग्नांवर उभा आहे, आणि वालेन्सिया घेतल्याची हकीकत त्यापुढे अगदी त्रोटक वाटते.

हे वाचीत असतानाच मला तुळसीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा आठवला. कारण तेथेही एक लग्न आहे, तानाजीच्या मुलाचे, रायबाचे. पुरंदरच्या तहाने १६६५ मध्ये मोगलांकडे गेलेला कोंढाणा तानाजी मालुसऱ्याने १६७० च्या फेब्रुवारीत परत घेतला. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या आपल्या बखरीत ही हकीकत आटोपशीर दिली आहे: निवडक मावळे रात्री कडा चढले, तानाजी आणि मोगलांचा किल्लेदार उदेभान एकमेकांच्या हातून पडले, तानाजीचा भाऊ सूर्याजी याने लोक सावरले, आणि किल्ला आल्याची खूण म्हणून पागेच्या खोपटांस आग लाविली. त्यात लग्न नाही, सोंगट्यांचा डाव नाही. शाहिराच्या पोवाड्यात मात्र जिजाबाई प्रतापगडावरून कोंढाणा न्याहाळते, शिवाजीमहाराजांना डावात हरवून गड मागते, आणि उमरठ्यास मुलाच्या लग्नाच्या गडबडीत असलेल्या तानाजीला बोलावणे जाते. कोंढाण्याला ‘सिंहगड’ हे नावदेखील तानाजीच्या मरणाने पडले असे आपण शाळेत शिकलो, परंतु ते १६६३ च्या एका पत्रात आधीच आलेले आहे. हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीला जे शीर्षक दिले, त्याची मोहिनी एका पत्राने उतरेल असे मला वाटत नाही.

असे पोवाडे आपल्याला छापील मिळाले ते शंकर तुकाराम शाळिग्राम आणि मुंबईचे एक मुलकी अधिकारी ॲक्वर्थसाहेब यांच्या १८९१ च्या संग्रहामुळे. हेच ते साहेब, ज्यांच्या नावाचे महारोग्यांचे इस्पितळ वडाळ्यास आहे. एकाच माणसाने दुर्लक्षितांची अशी दोन घरे बांधावीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता घोरपड, पोवाड्यात जिला दोर बांधून तानाजीचे मावळे कडा चढतात ती. सभासदाच्या बखरीत ती नाही, आणि इतिहासकार तिला हसतात. मीही हसलो असतो. पण एकदा पाटणबोरीच्या वाटेवर पऱ्हाटीच्या धुऱ्याशी दोघा गड्यांनी बिळात शिरू पाहणाऱ्या घोरपडीची शेपटी धरलेली मी पाहिली. तिने अंग फुगवून बिळाच्या भिंतींना दाबले होते, पुढच्या नख्या काळ्या मातीत रुतवल्या होत्या, आणि दोघे ताठ मागे रेलले तरी ती वीतभरही सरकेना. अखेर शेपटी सुटली, तेव्हा दोघेही उताणे पडले आणि बिळात केवळ धूळ उडाली. त्या दिवसापासून शाहिरावरचा माझा आक्षेप अर्ध्याने कमी झाला. तरी उरलेला अर्धा आहेच: बिळात तिला फुगायला दोन बाजू असतात, उघड्या कड्यावर एकच. शिवाय ही कल्पना तुळसीदासाची स्वतःचीही नसावी, कारण घोरपडे घराण्याची परंपरा आपल्या आडनावाचे मूळ बहमनी काळात घोरपडीच्या साहाय्याने सर केलेल्या गडातच सांगते. चांगली घोरपड एका गडावरून दुसऱ्या गडावर अशीच सरकत जाते.

आणखी एक गंमत. पोवाड्यात उदेभानाच्या बाजूने लढणारा सिद्दी हिलाल आहे, आणि जंजिऱ्यामुळे आपल्या ओळखीचा झालेला हा ‘सिद्दी’ शब्दही ‘सय्यिदी’पासूनच आला असे बहुतेक मानतात. म्हणजे एकच अरबी शब्द तिकडे नायकाचे नाव झाला आणि इकडे गनिमाचे.

राहता राहिले आमचे गाव. १८१८ च्या एप्रिलात चांद्याकडे निघालेला दुसरा बाजीराव याच मुलखात अडला, कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्याचा मोड केला, आणि जूनमध्ये तो माल्कमच्या स्वाधीन झाला. केळापूरच्या जगदंबेच्या यात्रेत एका म्हाताऱ्या गोंधळ्याला मी विचारले, “बुवा, बाजीरावाची इथली लढाई गाता का?” त्यांनी संबळाच्या वाद्या आवळीत सर्व हकीकत मुकाट्याने ऐकून घेतली, आणि मग म्हणाले, “समदं खरं, गुरुजी. पन त्याच्यात लगन कोनाचं होतं?”