कांचेच्या पेटींतील अळंबी-पोंवळें

पावसाळ्याच्या आरंभीं कुजक्या लांकडावर उगवणारीं अळंबीं आमच्या बालवाचकांनीं पाहिलींच असतील. तशाच आकाराचा, परंतु सर्वस्वीं प्राणी असलेला एक जीव उष्ण समुद्रांतील खडकांवर राहतो. त्यास मश्रूम कोरल, म्हणजे अळंबी-पोंवळें, असें म्हणतात. दगडी पोंवळ्यास असतो तसा चुन्याचा सांगाडा मात्र त्यास नाहीं. मऊ थाळीसारखें शरीर, मध्यभागीं तोंड व खालीं खडकास चिकटलेला पाय, एवढाच त्याचा संसार. हा जीव घरीं पाळतां येईल काय, असें विद्यार्थी आम्हांस विचारतात.

प्रथम आमचीच चूक सांगतों. पेटी, खडक, मीठ व दिवा आणून आम्हीं आठव्याच दिवशीं एक अळंबें पाण्यांत सोडलें. पाणी स्फटिकासारखें निर्मळ दिसत होतें. तरी चार दिवसांत तें आक्रसलें व पुढें विरघळून त्याचा बुळबुळीत लगदा झाला. नव्या खडकावरील मेलेले जीव कुजून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो, व हें विष डोळ्यांस दिसत नाहीं. खडकाच्या छिद्रांतील सूक्ष्म जंतु त्याचें आधीं नायट्राइट व मग पुष्कळ कमी घातक असें नायट्रेट करितात. परंतु त्यांची वस्ती जमावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर रिकाम्या पेटीकडे पाहत बसणें हेंच या छंदांतील सर्वांत कठीण काम होय.

पाण्याची उष्णता २४ ते २६ अंश सेल्सिअस व विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असावें. पाणी आटतें तेव्हां मीठ मागें राहतें, म्हणून भर घालावयाची ती शुद्ध गोड्या पाण्याची. या प्राण्याच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें व प्रकाशाच्या साह्यानें त्यास अन्न पुरवितें. आपल्याकडील वैशाखांत पाणी फार तापलें तर तें शैवाल निघून जातें आणि प्राणी पांढरा पडतो. प्रखर दिव्याखालीं तो आक्रसतो. तळाशीं, मंद प्रवाहांत ठेवावा. कांहीं मोठ्या जाती बटव्याची नाडी ओढल्याप्रमाणें कडा मिटून लहान मासा गिळतात, हेंही ध्यानांत असावें!

या छंदाचा एक आद्य प्रवर्तक फिलिप हेन्री गॉस हा इंग्लंडांतील श्रद्धावान ख्रिस्ती निसर्गशास्त्रज्ञ. १८५४ सालीं त्याचा मत्स्यालयावरील ग्रंथ निघाला, आणि लोक समुद्रकांठीं लोटले. खडकांतील जिवंत कुंडें त्यांनीं ओरबाडून नेलीं, व त्याचें पित्यास अतिशय वाईट वाटलें, असें त्याचा पुत्र एडमंड यानें १९०७ सालीं लिहिलें. मालवणच्या सहलीस जाणाऱ्या मुलांनीं हें वाचून ठेवावें. आपल्याकडे दगडी पोंवळीं २००१ सालापासून वन्यजीव कायद्यानें संरक्षित आहेत.

अळंबी-पोंवळ्यासाठीं तर समुद्राकडे जाण्याचीही गरज नाहीं. तें हळूहळू सरकतांना पायाचा एखादा तुकडा मागें सोडतें, व त्या तुकड्यापासून नवा जीव वाढतो. आमच्या दुसऱ्या खेपेच्या अळंब्यास अशीं तीन पिल्लें झालीं आहेत. त्यांतील सर्वांत लहान अद्याप शर्टाच्या गुंडीएवढें आहे.