दौऱ्याला निघण्याआधी

मागच्या वर्षी आम्ही बचत गटाच्या बाया अभ्यास दौऱ्याला गेलो होतो. पापडाचं यंत्र पाहिलं, फोटो काढले, आणि घरी येऊन तसंच यंत्र घेतलं. ते थ्री फेजवर चालतं, हे मग कळलं. पाहिलं सगळ्यांनी, विचारलं कुणीच नाही. म्हणून आज आम्ही अशा मुलामुलींबद्दल सांगणार आहोत, ज्यांच्या शिक्षणातच अभ्यास दौरा असतो.

ही मुलं ज्यू म्हणजे यहुदी समाजातली. रायगडातले बेने इस्रायल आपल्याला माहीत आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. ते याच धर्माचे. हा समाज जगभर विखुरलेला आहे. अमेरिकेत त्यांच्या शाळा, वृद्धाश्रम, मदतनिधी चालवणाऱ्यांसाठी रीतसर शिक्षण आहे. बोस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात १९६९ मध्ये असा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला.

पण वर्गात बसून समाज कळत नाही. वर्गणी एका देशात गोळा होते, गरज दुसऱ्या देशात असते. न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली स्थापन झालेली 'जॉइंट' ही संस्था अशी मदत दूरदूर पोचवते. सोव्हिएत संघ कोसळला आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांची पेन्शन कवडीमोल झाली. त्यांच्यासाठी १९९३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पहिलं 'हेसेद' केंद्र निघालं. हेसेद म्हणजे दयाभाव. जेवण, औषध, घरी येऊन विचारपूस, अशी तिथली कामं. उद्या मदतनिधी सांभाळणाऱ्या मुलीनं अशा एखाद्या आजीच्या स्वयंपाकघरात तासभर बसावं. डबा वेळेवर येतो का, दाराशी येणारं माणूस बोलतं का, हे हिशेबाच्या कागदावर दिसत नाही.

न विचारता ठरवलं तर काय होतं, हे आपल्या कोकणातून इस्रायलला गेलेल्यांनी सोसलं आहे. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं. बेने इस्रायलांना दुसऱ्या ज्यूंशी लग्न करायचं, तर आधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी होणार! पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळलेल्या माणसांना हे किती लागलं असेल? ते जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं त्यांच्या बाजूनं ठराव केला. पुढारी होणाऱ्यानं अशा घरांत आधीच जायला हवं, ते यासाठी.

चांगल्या दौऱ्याचे तीन भाग असतात. निघण्याआधी त्या जागेची माहिती वाचायची आणि प्रश्न लिहायचे. तिथं गेल्यावर चालकांशी बोलायचं, आणि ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांच्याशीही. रोज संध्याकाळी गोल बसून बोलायचं: आज काय पाहिलं, काय खटकलं, आपला कोणता समज चुकीचा निघाला? परत आल्यावर आपल्या कामात काय बदलणार, ते लिहून काढायचं.

यातलं काहीच खर्चाचं नाही. एक वही लागते, आणि विचारायची लाज सोडावी लागते.

आमचं यंत्र अजून समाजमंदिरात झाकून ठेवलंय. हप्ता मात्र दर महिन्याला जातो. तुमचा गट दौऱ्याला निघणार असेल, तर आधीच्या बैठकीत प्रत्येकीनं एक प्रश्न लिहून आणा. "वीज कोणती लागते?" हा आमच्याकडून घ्या.